वेढ्यापूर्वीचे अठ्ठ्याहत्तर दिवस : लेनिनग्राडची नागरी संरक्षणसिद्धता

डिसेंबर १९७१ मधील त्या रात्री ज्यांनी मुंबईत काढल्या, त्यांच्या मनावर काही चित्रे कायमची कोरली गेली आहेत. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागात फासलेला काळा रंग, भोंगा वाजताच एकामागून एक मालवले जाणारे दिवे आणि एखादी खिडकी उजळलेली दिसली की खालून ओरडणारे स्वयंसेवक. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, तेव्हा अनेक ज्येष्ठांना त्या रात्रींची आठवण झाली असेल आणि नातवंडांनी त्यांना प्रश्नही विचारले असतील.

सुदैवाने आपल्या पिढ्यांना नागरी संरक्षण एवढ्यापुरतेच ठाऊक आहे. भोंगा, अंधार आणि काही दिवसांची धाकधूक. परंतु शत्रूची सेना खरोखरच वेशीपर्यंत येऊन ठेपली, तर लाखो लोकांच्या शहराने काय करावे? कोणी काय वाचवावे, कोणाला आधी बाहेर काढावे, धान्य किती आहे हे कोणी मोजावे? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकी राहत नाहीत. ती माणसांच्या प्राणांनी द्यावी लागतात. १९४१ सालच्या उन्हाळ्यात रशियातील लेनिनग्राड या शहराने ती दिली. २२ जून रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि ८ सप्टेंबर रोजी शहराचा जमिनीवरून जगाशी असलेला संबंध तुटला. या दोन तारखांमध्ये अठ्ठ्याहत्तर दिवस होते. त्या दिवसांत शहराने जी तयारी केली आणि जी करायची राहून गेली, तिचा हा वृत्तान्त आहे.

अनपेक्षित दिशेचा शत्रू

नेवा नदीच्या मुखाशी सम्राट पीटर याने १७०३ मध्ये वसवलेले हे शहर. आज त्याचे मूळ नाव सेंट पीटर्सबर्ग त्याला परत मिळाले आहे. परंतु १९२४ ते १९९१ या काळात ते लेनिनग्राड म्हणून ओळखले जाई. युद्ध सुरू झाले तेव्हा लोकसंख्या सुमारे तीस लाख होती. प्रचंड कारखाने, विद्यापीठे, नाट्यगृहे, कालव्यांच्या काठचे राजवाडे असे ते वैभवशाली नगर होते.

शहराला युद्धाची चाहूल नवी नव्हती. १९३९–४० च्या हिवाळ्यात फिनलंडशी झालेले युद्ध अगदी उंबरठ्यावर लढले गेले होते. त्या हिवाळ्यात रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले होते आणि रुग्णालये जखमी सैनिकांनी भरली होती. त्यामुळे संकट येईल ते उत्तरेकडून, फिनलंडच्या सीमेवरून, अशी सेनाधिकाऱ्यांची आणि नगरप्रमुखांची दृढ समजूत झाली होती. दक्षिण आणि नैर्ऋत्य दिशेला शेकडो किलोमीटर आपलाच प्रदेश पसरलेला; तिकडून कोण येणार?

आले मात्र तिकडूनच. जर्मन सेना बाल्टिक देश तुडवीत पुढे सरकली आणि ९ जुलै रोजी तिने प्स्कोव्ह हे शहर घेतले. आक्रमणाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. एकाच बाजूला डोळे लावून बसलेल्या शहराला पाठ फिरवून उभे राहावे लागले. पुढे जे काही चांगले घडले आणि जे काही अनर्थकारक घडले, त्या दोहोंचे मूळ बव्हंशी या एकांगी दृष्टीत आहे.

फावडी हाती घेतलेले शहर

२७ जून रोजी नगरप्रशासनाने श्रमसक्तीचा आदेश काढला. सोळा ते पन्नास वर्षांचे पुरुष आणि सोळा ते पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रिया यांना संरक्षणाच्या कामावर हजर होणे बंधनकारक झाले. ज्यांना नोकरी नाही त्यांनी दिवसाला आठ तास आणि जे कामावर जातात किंवा शिकतात त्यांनी आपले काम आटोपून तीन तास खपावे असा नियम होता. प्रत्यक्षात घड्याळाकडे कोणी फार पाहिले नाही.

शहराच्या दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटरवर लुगा नदी आहे. तिच्या काठाने संरक्षणरेषा उभारण्याचे ठरले. या रेषेवर आणि पुढे शहराच्या जवळच्या रेषांवर लाखो नागरिक राबले. त्यांत स्त्रिया, विद्यार्थी आणि प्राध्यापक बहुसंख्येने होते, कारण धडधाकट पुरुष आघाडीवर गेले होते. दोन-तीन दिवसांचे काम आहे असे समजून कित्येक तरुणी उन्हाळी झगे आणि हलकी पादत्राणे घालूनच निघाल्या आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहिल्या. रणगाडे अडकावेत म्हणून खोल चर, सैनिकांसाठी खंदक, लाकूड आणि मातीचे मोर्चे हे सारे फावडे, कुदळ आणि घमेले यांच्या बळावर उभे राहिले. वरून शत्रूची विमाने गोळ्या झाडीत. विमान दिसले की चरात आडवे व्हायचे, ते गेले की पुन्हा फावडे उचलायचे.

या श्रमांचे मोल काय झाले? जुलैच्या मध्यावर जर्मन सेना लुगा नदीपाशी पोचली आणि तिथे सुमारे महिनाभर अडली. या एका महिन्यात शहराला श्वास घ्यायला उसंत मिळाली. ती सैनिकांच्या रक्ताने मिळाली, तशीच मातीत राबलेल्या त्या हातांनीही मिळवली, हे इतिहासाला मान्य करावे लागते.

याच काळात नागरिकांची स्वयंसेवी सेना उभी राहिली. जुलै ते सप्टेंबरमध्ये लाखाहून अधिक लोक तिच्यात दाखल झाले. कारखान्यातील कामगार, शिक्षक, वादक, अभियंते असे सर्व थरांतील लोक त्यांत होते. अनेकांना जेमतेम काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. बंदुकांचाही तुटवडा होता. अशा तुकड्या थेट लुगा रेषेवर धाडल्या गेल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. त्यांच्या शौर्याचे स्मरण करताना त्यांना अपुऱ्या तयारीनिशी पुढे ढकलणाऱ्यांची जबाबदारी विसरून चालणार नाही.

सोन्याचे मनोरे झाकले गेले

लेनिनग्राडचे क्षितिज सोनेरी मनोऱ्यांनी सजलेले होते. शांततेच्या काळातील हे सौंदर्य युद्धात वैरी ठरले, कारण तोफांचा नेम धरणाऱ्याला दूरवरून दिसणाऱ्या सोन्याच्या टोकासारखी दुसरी खूण कोणती? सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या प्रचंड घुमटावर करडा रंग फासण्यात आला. परंतु नौदल भवनाच्या मनोऱ्यावरचा मुलामा अत्यंत पातळ वर्खाचा होता. रंग फासला असता तर पुढे तो काढताना सोनेही निघून गेले असते. म्हणून त्यासाठी जाड कापडाची प्रचंड खोळ शिवण्यात आली. ७२ मीटर उंचीच्या त्या सुळक्यावर चढून ती बसवायची कोणी? गिर्यारोहणाचा छंद असलेली काही तरुण मंडळी पुढे आली. त्यांच्यात ओल्गा फिर्सोवा ही वृंदगायनाची संचालिका होती. दोरावर लटकत या मंडळींनी ते काम तडीस नेले. पुढील हिवाळ्यात त्यांच्यातील काहींचा उपासमारीने अंत झाला. मनोरा मात्र वाचला.

पीटरचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा वाळू आणि फळ्यांच्या आवरणात बंद करण्यात आला. अनिच्कोव्ह पुलावरचे चार सुप्रसिद्ध अश्व खाली उतरवून जवळच्या बागेत पुरून ठेवले गेले. ग्रीष्मोद्यानातील संगमरवरी मूर्तीही मातीखाली विसावल्या. सुवोरोव्ह आणि कुतुझोव्ह या जुन्या सेनानींचे पुतळे मात्र मुद्दाम उघडे ठेवले होते. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकांनी त्यांच्याकडे पाहून जावे, ही त्यामागची भावना.

सर्वांत नेटकी तयारी दिसली ती हर्मिटाज या जगद्विख्यात संग्रहालयात. त्याचे संचालक इओसिफ ओर्बेली यांनी युद्धापूर्वीच पेट्या आणि बांधणीचे सामान सिद्ध ठेवले होते. आक्रमणाची वार्ता येताच कर्मचारी रात्रंदिवस कामाला लागले. १ जुलै रोजी सुमारे पाच लाख वस्तू घेऊन पहिली आगगाडी उरल पर्वताकडील स्वेर्दलोव्स्क शहराकडे निघाली. २० जुलै रोजी दुसरी. दोन्ही मिळून अकरा लाखांहून अधिक वस्तू सुखरूप पोचल्या. तिसरी गाडी निघण्यापूर्वी मार्गच तुटला. चित्रे काढून नेताना रिकाम्या चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या होत्या, परतल्यावर प्रत्येक चित्र आपल्या जागी जावे म्हणून. पुढे वेढ्याच्या काळात तेथील एका मार्गदर्शकाने सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोर उभे करून चित्रांचे इतके तपशीलवार वर्णन केले, की ऐकणाऱ्यांना ती दिसू लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये खजिना परत आला आणि चित्रे पुन्हा आपापल्या चौकटींत विराजमान झाली.

एका विद्वानाचे स्थलांतर

वस्तूंप्रमाणे विद्वानांनाही हलवण्यात आले. विज्ञान अकादमीच्या ज्येष्ठ सदस्यांना १९४१ च्या उन्हाळ्यात कझाकस्तानातील बोरोवोये या ठिकाणी नेण्यात आले. त्यांत फ्योदोर श्चेर्बात्स्की हे भारतविद्येचे थोर पंडित होते. बौद्ध न्यायशास्त्रावरील त्यांचे ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात. १९१० च्या सुमारास ते भारतात येऊन पंडितांच्या पायाशी बसून न्यायशास्त्र शिकले होते. आपल्या वाचकांना त्यांचे आणखी एक नाते जिव्हाळ्याचे वाटेल. बॉन येथे ते हर्मन याकोबी यांचे विद्यार्थी होते. आचारांग, कल्पसूत्र आणि उत्तराध्ययन यांची इंग्रजी भाषांतरे करून जैन आगमांची ओळख पाश्चात्त्य जगाला करून देणारे ते हेच याकोबी. त्यांच्या या शिष्याला लेनिनग्राड पुन्हा पाहता आले नाही. मार्च १९४२ मध्ये बोरोवोये येथेच त्यांचे निधन झाले. तुलसीदासांच्या रामचरितमानसाचा रशियन पद्यानुवाद करणारे अलेक्सेय बारान्निकोव्ह हेही याच शहरातील विद्वान. युद्धकाळातील स्थलांतरातही त्यांनी ते काम सोडले नाही आणि १९४८ मध्ये तो अनुवाद प्रसिद्ध झाला.

घराघरांवरील पहारा

शहरातील प्रत्येक मोठ्या इमारतीत रहिवाशांची एक संरक्षण तुकडी नेमण्यात आली. माळ्यांवरची अडगळ काढून टाकण्यात आली, तिथे वाळूच्या पेट्या आणि पाण्याची पिंपे ठेवण्यात आली. आग लावणारा बॉम्ब छपरावर पडला तर लांब दांड्याच्या चिमट्याने तो उचलून वाळूत किंवा पाण्यात बुडवायचा, हे काम प्रामुख्याने किशोरवयीन मुलामुलींनी आणि गृहिणींनी अंगावर घेतले. काचा फुटून अंगावर उडू नयेत म्हणून खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवल्या. गंमत अशी, की जूनमध्ये या उत्तरेकडील शहरात रात्र पुरती काळोखी होतच नाही. त्या ‘शुभ्र रात्रीं’त दिवे मालवून शहर लपणार तरी कसे? खरा अंधार ऑगस्टपासून कामी आला.

येथील रसायनशास्त्रज्ञांनी एक साधी पण मोलाची युक्ती शोधली. खत म्हणून वापरले जाणारे सुपरफॉस्फेट पाण्यात कालवून त्याचा लेप लाकडी वाशांना दिला, तर ते सहजासहजी पेट घेत नाहीत. प्रयोग यशस्वी होताच घरोघरच्या रहिवाशांनी हाती कुंचले घेतले आणि आठवड्यांत हजारो माळे या पांढुरक्या लेपाने सारवले गेले. ८ सप्टेंबरच्या एकाच दिवसात सहा हजारांहून अधिक आग लावणारे बॉम्ब शहरावर पडले. शेकडो वर्षांच्या लाकडी छपरांचे हे नगर त्यातून समूळ जळाले नाही, याचे श्रेय या लेपाला आणि छपरांवर रात्री जागून काढणाऱ्या मुलांना द्यावे लागते. संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच हेही संगीत विद्यालयाच्या अग्निरक्षक तुकडीत होते. आपल्या सातव्या सिंफनीचे लेखन त्यांनी याच दिवसांत आरंभले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढलेल्या शहरातच उपाशी वादकांनी तिचे वादन केले.

घराघरांत तारेने जोडलेले ध्वनिक्षेपक होते. कार्यक्रम नसेल तेव्हा त्यावरून तालमापकाची टकटक ऐकू येई. संथ टकटक म्हणजे सारे शांत आहे. जलद झाली की हल्ला. ही टकटक चालू आहे तोवर शहर जिवंत आहे, असे लोक म्हणू लागले.

या शिस्तीला एक काळी किनारही होती. हेरांच्या भयाने शहर झपाटले होते. रस्ता विचारणारा अनोळखी माणूसही संशयित ठरे. ऑगस्टच्या अखेरीस जर्मन आणि फिनिश वंशाच्या रहिवाशांच्या हद्दपारीचे आदेश निघाले; त्यांचा गुन्हा केवळ त्यांचे कुळ हा होता. भयाच्या काळात माणसाला माणूस परका होतो, आणि ही हानी कोणत्याही हिशेबात मांडली जात नाही.

चुकलेली दिशा : मुलांचे स्थलांतर

आता त्या उन्हाळ्यातील सर्वांत वेदनादायक प्रकरणाकडे वळावे लागते. मुलांना शहराबाहेर सुरक्षित ठिकाणी हलवण्याचा निर्णय लगेच झाला. २९ जून रोजी दहा गाड्यांतून पंधरा हजारांवर मुले रवाना झाली. हेतू उदात्त होता, तत्परता प्रशंसनीय होती. परंतु त्यांना पाठवले कुठे? शत्रू उत्तरेकडून येणार आणि विमाने शहरावर बॉम्ब टाकणार, हे गृहीत धरून बहुसंख्य मुले शहराच्या दक्षिणेच्या आणि नैर्ऋत्येच्या ग्रामीण भागांत, नेहमीच्या उन्हाळी शिबिरांच्या गावी नेली गेली. म्हणजे नेमकी जर्मन सेनेच्या वाटेवर!

आघाडी जवळ येऊ लागली तरी वर बसलेल्यांना ते उघडपणे मान्य करणे जड जात होते. माघारीची बातमी सांगणे म्हणजे भित्रेपणा, आणि भित्रेपणा हा गुन्हा. १८ जुलै रोजी लिच्कोवो स्थानकात मुलांनी भरलेल्या गाडीवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. ही वार्ता कानोकानी शहरात पोचली, आणि आया मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी पायी, आपली मुले शोधायला निघाल्या. सुमारे पावणेदोन लाख मुले शहरात परत आणावी लागली. त्यांतील अनेकांना पुन्हा पूर्वेकडे पाठवता आले, अनेकांना नाही.

ज्यांना जाता येत होते तेही जायला राजी नव्हते. शहर सोडणे म्हणजे शहराचा विश्वासघात, असा प्रचार झाला होता आणि ‘मी जाणार नाही’ म्हणणाऱ्यांचे कौतुक होत होते. ३० ऑगस्ट रोजी म्गा हे जंक्शन पडले आणि शेवटचा लोहमार्ग तुटला. तोवर सहा लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली होती. परंतु त्यांत बाल्टिक प्रदेशातून आलेले निर्वासितही धरलेले होते. वेढा पूर्ण झाला तेव्हा शहरात सुमारे पंचवीस लाख माणसे होती आणि त्यांत चार लाखांच्या आसपास मुले होती.

धान्य कोणी मोजले?

खंदक मोजले गेले, बॉम्बशोधक मोजले गेले, पुतळे मोजले गेले. धान्य मात्र नीट मोजले गेले नाही. १८ जुलै रोजी शिधापत्रिका सुरू झाल्या. कामगारांना दिवसाला ८०० ग्रॅम पाव मिळू लागला. प्रमाण इतके भरघोस होते, की लोकांना टंचाईची जाणीवच झाली नाही. शिवाय शिधापत्रिकेविना चढ्या भावाने माल विकणारी दुकाने आणि उपाहारगृहे चालूच होती.

त्या वेळचे अन्नपुरवठ्याचे प्रमुख अनास्तास मिकोयान यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. पश्चिमेकडील प्रदेश शत्रूच्या हाती पडू लागला, तेव्हा तिकडे निघालेल्या धान्याच्या गाड्या आपण लेनिनग्राडकडे वळवल्या. त्यावर शहराचे पक्षप्रमुख आंद्रेई झ्दानोव्ह यांनी, कोठारे भरलेली आहेत, ठेवायला जागा नाही, असे थेट स्टालिनना कळवले आणि त्या गाड्या इतरत्र पाठवण्याचा आदेश झाला. सारे इतिहासकार हा वृत्तान्त जसाच्या तसा स्वीकारीत नाहीत. परंतु साठा वाढवण्याची निकड वेळीच ओळखली गेली नाही, याविषयी मतभेद नाही.

८ सप्टेंबर रोजी दोन गोष्टी एकदम घडल्या. लाडोगा सरोवराच्या काठचे श्लिसेलबुर्ग जर्मनांच्या हाती पडले आणि जमिनीवरचा शेवटचा मार्ग बंद झाला. त्याच दिवशी बदायेव्ह नावाच्या लाकडी कोठारांवर बॉम्ब पडले. एकाच आवारात सुमारे तीन हजार टन पीठ आणि अडीच हजार टन साखर साठवलेली होती. धुराचे लोट दूरवरून दिसत होते. वितळलेली साखर मातीत मुरली. पुढे हिवाळ्यात लोक ती गोड माती खणून, पाण्यात विरघळवून प्यायले. या आगीनेच शहर उपाशी मारले, ही समजूत मात्र खरी नाही. जळालेले पीठ एवढ्या मोठ्या शहराला काही दिवसच पुरले असते. खरी उणीव त्याहून खोल होती. १२ सप्टेंबर रोजी मॉस्कोहून आलेले अधिकारी दिमित्री पाव्लोव्ह यांनी नीट मोजणी केली, तेव्हा धान्य आणि पीठ ३५ दिवसांचे, मांस ३३ दिवसांचे आणि साखर ६० दिवसांची निघाली. ही मोजणी जुलैमध्ये झाली असती तर?

ज्या शत्रूसाठी तयारी नव्हती

२१ ऑगस्ट रोजी वर्तमानपत्रांतून आणि भिंतींवरून नागरिकांना उघडपणे सांगण्यात आले, की शत्रू वेशीवर आहे. मग दक्षिणेकडील वस्त्यांत रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. तळमजल्याच्या कोपऱ्यावरील खिडक्या विटांनी बुजवून गोळीबारासाठी फटी ठेवल्या गेल्या. शत्रू आत शिरलाच तर कारखाने आणि पूल उडवून देण्याची गुप्त योजनाही तयार होती. गल्लीगल्लीत लढण्याचा शहराचा निर्धार होता.

तो निर्धार पारखला गेलाच नाही. शत्रूने गल्ल्यांत उतरायचेच टाळले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघालेल्या जर्मन आदेशांत हिटलरची इच्छा नोंदवलेली आहे : हे शहर भूतलावरून पुसून टाकायचे, शरणागतीचा प्रस्ताव आला तरी स्वीकारायचा नाही, कारण एवढ्या लोकांना पोसण्याची जबाबदारी नको. रणगाड्यांसाठी खणलेले चर तसेच राहिले आणि त्यांवरून भूक शहरात शिरली. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि इतर साऱ्यांना, मुलांनाही, १२५ ग्रॅम पाव मिळे. त्यातही पिठाबरोबर सरकीची पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला असे. लाडोगा सरोवर गोठल्यावर त्याच्या बर्फावरून मालमोटारींची वाट सुरू झाली, म्हणून शहर तगले. २७ जानेवारी १९४४ रोजी वेढा पूर्णपणे उठला, तोवर ८७२ दिवस लोटले होते. उपासमारीने, थंडीने आणि भडिमाराने मृत्यू पावलेल्या नागरिकांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात होती, असे आजचे अनेक इतिहासकार मानतात.

दोन राखणदार

या अंधारात दोन ठिकाणची हकिगत सांगितल्याशिवाय लेख पुरा करवत नाही.

पहिले ठिकाण शहरातील प्राणिसंग्रहालय. काही प्राणी कझान येथे हलवले गेले होते; हिंस्र श्वापदे बॉम्बहल्ल्यात सुटतील या भीतीने मारली गेली. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या हल्ल्यांत तेथील लाडकी हत्तीण बेट्टी मृत्युमुखी पडली. पाणघोड्याची एक मादी मागे राहिली. पाण्यावाचून तिची कातडी भेगाळून रक्ताळू लागली. नळ गोठलेले. तेव्हा येवदोकिया दाशिना ही सेविका रोज नेवा नदीवरून घसरगाडीने पाणी ओढून आणी, कोमट करून त्या मुक्या जिवाचे अंग पुसून काढी आणि तेल चोळी. खाद्य म्हणून थोडा भाजीपाला आणि वाफवलेला लाकडाचा भुसा. स्वतः उपाशी असलेल्या बाईने सांभाळलेला तो जीव युद्धानंतरही जगला. शहराचे नाव बदलले, तरी या कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ प्राणिसंग्रहालयाने ‘लेनिनग्राड’ हे नाव आजवर जपले आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी घडवलेली वनस्पतिसंशोधन संस्था. जगभर हिंडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गहू, भात, मका, कडधान्ये, बटाटे यांचे लाखो नमुने जमवले होते. स्वतः वाव्हिलोव्ह ऑगस्ट १९४० मध्येच स्टालिनच्या राजवटीत अटकेत पडले होते आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी पाव्लोव्स्क येथील शेतातून तोफांच्या माऱ्यात बटाट्यांचे वाण खणून शहरात आणले, बियाणे पेट्यांत भरून खोल्या बंद केल्या, उंदरांपासून राखण्यासाठी पाळ्या लावल्या. टनावारी धान्य त्यांच्या हाताशी होते. बाहेर १२५ ग्रॅम पावासाठी रांगा होत्या. भाताच्या वाणांचे राखणदार दिमित्री इवानोव भाताच्या हजारो पुड्यांमध्ये उपासमारीने गेले. भुईमुगाच्या संग्रहाचे रक्षक अलेक्झांडर श्चुकिन यांचाही तसाच अंत झाला. आणखी अनेक सहकारी गेले. एक दाणाही त्यांनी आपला मानला नाही. तो पुढच्या पिढ्यांचा होता आणि ते केवळ त्याचे विश्वस्त होते. त्या संग्रहातील वाणांवरून पुढे सोव्हिएत देशात अनेक पिके विकसित झाली.

स्मृतीचेही रक्षण

वेढा संपताच लोकांनी आपल्या हातांनी जमवलेल्या वस्तूंतून शहर-संरक्षणाचे संग्रहालय उभे केले. त्यात बदायेव्हच्या कोठारांचे, १२५ ग्रॅम पावाचे, छपरांवरील मुलांचे स्मरण होते. परंतु ते स्टालिनच्या राजवटीला रुचले नाही. १९४९ मध्ये संग्रहालयाची दारे बंद झाली आणि संरक्षणाची धुरा वाहिलेले कुझ्नेत्सोव्ह आणि पोप्कोव्ह यांसारखे नगरनेते खोट्या आरोपांखाली पकडले गेले. १ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. संग्रहालय पुन्हा उघडले ते १९८९ मध्ये. चाळीस वर्षे ती आठवण लोकांनी घरातल्या डब्यांत, जुन्या रोजनिशींत आणि नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींत सांभाळली.

या साऱ्यातून काय घ्यावे? लेनिनग्राडच्या नागरिकांनी कष्टात कसूर केली नाही. ज्या कामाची जबाबदारी कोणा एका गटावर, एका इमारतीवर, एका व्यक्तीवर स्पष्टपणे सोपवली होती, ते काम झाले : छप्परे वाचली, चित्रे वाचली, बियाणे वाचले. जिथे सत्य वर पोचू शकले नाही, तिथे अनर्थ झाला. शत्रू कोणत्या दिशेने येतो आहे आणि कोठारात किती दिवसांचे धान्य आहे, हे दोन साधे प्रश्न निर्भयपणे विचारण्याची आणि त्यांची खरी उत्तरे देण्याची मुभा असती, तर तळहातावरच्या १२५ ग्रॅम पावाची वेळ कदाचित एवढ्या घरांवर आली नसती.

पूर, भूकंप, साथ असे प्रसंग आपल्या गावांवर आणि शहरांवरही येतात. तेव्हा भोंगा कुठे बसवला आहे हे जसे ठाऊक हवे, तसेच आपल्या आळीत एकटे वृद्ध कोण आहेत, लहान मुलांना कुठे न्यायचे, पाणी आणि धान्य किती दिवसांचे आहे आणि ते मोजण्याचे काम कोणाकडे आहे, हेही आधीच ठरलेले असावे. मोजणी कमी निघाली, तर ते सांगणाऱ्याचे तोंड बंद करू नये. त्या अठ्ठ्याहत्तर दिवसांनी लाखो प्राणांच्या किमतीवर शिकवलेला हा धडा आपण फुकट मिळाला म्हणून विसरू नये, एवढीच प्रार्थना.